गाठीची सीमारेषा : सापडते की ठरवावी लागते?

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटची प्रश्नोत्तरे संक्षेपाने दिली आहेत.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लावतात, पण ते तत्त्वज्ञानातलं. त्या डॉक्टरकीनं आजवर कुणाचा खोकलासुद्धा बरा झालेला नाही. त्यामुळे आज मी वैद्यकीय सल्ला देणार नाही, मला तो अधिकारच नाही. तरीही 'कर्करोगाच्या गाठीभोवती काढायची रेघ' हा विषय मी घेतला, त्याचं कारण घरातलं आहे.

माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी त्याच्या जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ निघाली, आणि डाव्या बाजूला मानेत आणखी एक. चाळीस वर्षांची तंबाखू, दुसरं काय! डॉक्टरांनी रेडिएशन आणि सोबत केमोथेरपी सांगितली. आपल्याकडे पुष्कळ लोक रेडिएशनला अजून 'लाईट देणं' म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे, म्हणजे पस्तीस वेळा लाईट. आम्हाला वाटलं, उद्यापासून सुरू होईल. सीटी स्कॅन झाला आणि मग आठ दिवस कुणी बोलावेचना. घरात सगळे अस्वस्थ. आत गाठ वाढत असेल, आणि ही मंडळी करतात काय?

मी जरा चिडूनच विचारायला गेलो. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर भावाच्या गळ्याचा आडवा काप होता आणि त्यात एक लाल रेघ. त्या म्हणाल्या, "काका, हे दिवस वाया गेलेले नाहीत. ही रेघ मी काढली. आमच्या मॅडमनी काल ती दोन ठिकाणी बदलली."

मी विचारलं, "म्हणजे तुमची चुकली होती?"

"चुकली असं नाही म्हणता येणार. त्यांना तिथं वेगळं दिसलं. आम्ही बोललो, मग मलाही पटलं."

मंडळी, मी तीस वर्षं वर्गात 'सीमा म्हणजे काय', 'व्याख्या म्हणजे काय' हे शिकवलं. पण माझ्या वर्गातल्या उत्तरावर कुणाचं गिळणं अवलंबून नव्हतं. इथं होतं. म्हणून त्या लाल रेघेनं मला सोडलं नाही.

ही रेघ काढतात कशी?

आधी कृती समजून घेऊ. रुग्णाला टेबलावर झोपवतात. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ताणून बसवतात. ती गार झाली की साचा तयार. पुढे रोज याच साच्यात त्याला झोपवायचं, म्हणजे डोकं रोज त्याच जागी राहील. या साच्यासकट सीटी स्कॅन होतो. पावाच्या स्लाइस असाव्यात तसे शरीराचे आडवे काप, साधारण दर अडीच-तीन मिलिमीटरला एक. डोक्यापासून गळपट्टीच्या हाडाखालपर्यंत शंभराहून अधिक काप भरतात.

आता डॉक्टर एकेका कापावर माऊसनं रेघ काढत जातात. गाठीभोवती एक. पण तेवढ्यानं भागत नाही. जे वाचवायचं आहे त्याच्याभोवतीही काढायची : मज्जारज्जू, कानाखालच्या लाळग्रंथी, जबडा, गिळण्याचे स्नायू, स्वरयंत्र. हे सगळं हातानं करायचं तर काही तास जातात. याला ते 'कॉन्टूरिंग' म्हणतात. सगळ्या कापांवरच्या रेघा एकावर एक रचल्या की एक घन आकार तयार होतो. मग भौतिकशास्त्रज्ञ आणि कॉम्प्युटर मिळून अशी आखणी करतात, की या आकाराला पूर्ण मात्रा मिळावी आणि शेजाऱ्यांना शक्य तितकी कमी.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यंत्राला कर्करोग माहीत नसतो. त्याला फक्त रेघ माहीत असते. गाठीचा तुकडा रेघेबाहेर राहिला, तर यंत्र त्याला 'शेजारी' समजून वाचवायला जाईल!

पूर्वी एवढी काळजी नव्हती. राँटगेननं क्ष-किरण शोधले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये, आणि त्यानंतर लवकरच ते कर्करोगावर वापरायला सुरुवात झाली. पण पुढची पाऊणशे वर्षं शरीराच्या आतली गाठ डॉक्टरला थेट दिसत नव्हती. हाडांच्या खुणा बघायच्या, बोटांनी चाचपायचं, आणि मोठा चौकोन धरून किरण सोडायचे. पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला लंडनमध्ये, १ ऑक्टोबर १९७१ रोजी. हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना त्यासाठी १९७९ चं नोबेल मिळालं. त्यानंतर गाठ कापाकापानं दिसायला लागली. आणि १९९० च्या दशकात असं तंत्र आलं, की किरणांच्या झोताची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून मात्रा गाठीच्या आकाराला घट्ट बसवता येते. यालाच आयएमआरटी म्हणतात. चौकोन मोठा होता तेव्हा रेघ थोडी इकडे-तिकडे झालेली खपून जायची. आता किरण रेघेचं ऐकतात, म्हणून रेघ काढणाऱ्याची जबाबदारी वाढली.

तीन रेघा, तीन प्रकारचं अज्ञान

मला वाटलं होतं, रेघ एकच. त्या बाईंनी तीन दाखवल्या, एकीच्या बाहेर दुसरी, तिच्या बाहेर तिसरी. किरणांच्या एककांसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे, आयसीआरयू. त्यानं १९९३ च्या अहवालात ही भाषा पक्की केली, आणि आज जगभर तीच चालते.

पहिली रेघ, जीटीव्ही. स्कॅनवर दिसते किंवा तपासताना हाताला लागते ती गाठ. दुसरी, सीटीव्ही. दिसत नाही, पण गाठीच्या आसपास विखुरलेल्या सूक्ष्म पेशी जिथं असण्याची शक्यता आहे तो भाग. तिसरी, पीटीव्ही. रुग्ण रोज अगदी तसाच झोपत नाही, श्वास घेतो, गिळतो, यंत्रातही बारीक फरक असतो. म्हणून ठेवलेली वाढीव जागा.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय दिसलं ते सांगतो. या तीन रेघा म्हणजे तीन निरनिराळ्या अज्ञानांची कबुली आहे. पहिलीत प्रश्न आहे : मला जे दिसतंय ते मी बरोबर ओळखतोय का? दुसरीत : जे दिसतच नाही, ते कुठवर गेलं असेल? तिसरीत : मला जागा नक्की माहीत आहे, पण उद्या सकाळी ती तिथंच असेल का? पहिल्याचा आधार प्रत्यक्ष. दुसऱ्याचा अनुमान, हजारो रुग्णांत गाठ कशी पसरली, शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींत पेशी कुठवर सापडल्या, त्यावरून केलेलं. तिसऱ्याचा आधार मोजमाप. आपण व्यवहारात काय करतो? सगळी शंका एकत्र कालवतो आणि 'थोडं जास्तच धरू' म्हणतो. या लोकांनी प्रत्येक शंकेला वेगळी रेघ दिली. म्हणजे उद्या वाद झालाच, तर नेमका कुठल्या शंकेबद्दल आहे ते कळतं.

दुसरी रेघ तर फारच विलक्षण. समजा, शस्त्रक्रियेनं गाठ पूर्ण काढून टाकली. आता पहिली रेघच नाही! तरी दुसरी काढायचीच असते, कारण मागे पेशी राहिल्या असण्याची शक्यता आहे. जे दिसत नाही, कदाचित नाहीच, त्याच्याभोवती रेघ.

अव्याप्ती आणि अतिव्याप्ती

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितलेत. तर्कशास्त्र शिकलेल्यांना गाईचं उदाहरण आठवेल. 'गाय म्हणजे जी कपिला रंगाची असते ती' म्हटलं, तर पांढऱ्या गाई बाहेर राहिल्या : अव्याप्ती. 'जिला शिंगं असतात ती' म्हटलं, तर म्हैसही आत आली : अतिव्याप्ती. 'जिचा खूर अखंड असतो ती' म्हटलं, तर एकही गाय त्यात बसत नाही : असंभव.

गाठीभोवतीची रेघ हेही एक लक्षणच आहे. मर्मावर नेमकं बोट ठेवायचं, कमी नाही, जास्त नाही. रेघ लहान पडली तर कर्करोगाच्या पेशी बाहेर राहतात, तिथून गाठ परत येते. रेघ मोठी झाली तर निरोगी भाग भाजतो. आणि भलत्याच जागी पडली तर तो असंभव.

फरक इतकाच, की वर्गात या दोषांना गुण कापले जायचे. इथं काय होतं बघा. डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचा अहवाल २०१० मध्ये आला. आठशेहून अधिक रुग्ण होते. तज्ज्ञांनी सगळ्यांच्या उपचारांचे आराखडे तपासले. ज्या आराखड्यांत रुग्णाला मोठा फटका बसेल असे दोष होते, त्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी ५० टक्के जिवंत होते. ज्यांचे आराखडे पहिल्यापासून नियमानुसार होते, त्यांच्यात ७० टक्के. सगळे दोष रेघेचेच होते असं नाही, पण रेघ हा त्यातला महत्त्वाचा भाग. आणि जिथून फार थोडे रुग्ण आले होते, त्या केंद्रांत असे दोष जास्त आढळले. हे काम हाताला आणि डोळ्याला सवय झाल्याशिवाय येत नाही.

म्हणून मोठी रेघ काढून मोकळं व्हावं का? एक गणित करू. तीन सेंटिमीटर व्यासाची गोल गाठ घ्या. तिचं आकारमान सुमारे १४ घनसेंटिमीटर. सर्व बाजूंनी फक्त पाच मिलिमीटर वाढवा, साधारण करंगळीच्या निम्म्या जाडीइतकं. आकारमान होतं साडेतेहेतीस, म्हणजे दुपटीहून जास्त. एक सेंटिमीटर वाढवलं तर पासष्ट, साडेचार पट. आणि गळ्यात रिकामी जागा नसते. तिथं लाळग्रंथी आहेत, गिळण्याचे स्नायू आहेत.

अतिव्याप्ती टाळण्यानं काय मिळतं, याचेही आकडे आहेत. ब्रिटनमधल्या एका चाचणीत लाळग्रंथींभोवती रेघ काढून, त्यांना जपून उपचार दिले. २०११ च्या निष्कर्षानुसार, वर्षभरानं तोंडाच्या लक्षणीय कोरडेपणाचा त्रास ३८ टक्के रुग्णांना होता. जुन्या पद्धतीत ७४ टक्के. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरिअलनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांवर चाचणी केली. गाठ काढलेली, म्हणजे मघाशी म्हटलं ती दुसरीच रेघ. आतड्यांना वाचवणाऱ्या नेमक्या पद्धतीनं उपचार घेतलेल्यांत तीन वर्षांत आतड्याचा त्रास २१ टक्क्यांना झाला, जुन्या पद्धतीत ४२ टक्क्यांना. आणि कर्करोगावरचा ताबा दोन्हीकडे सारखाच. पोटाच्या त्रासानं बाहेर पडायची भीती वाटणारी बाई आणि बिनघोर लग्नाकार्याला जाणारी बाई, यांच्यातला हा फरक आहे.

तज्ज्ञांचं तरी एकमत होतं का?

तर मग खरी रेघ कोणती? आणि ती तज्ज्ञांना दिसते का? नेदरलँड्समध्ये याचा फार चांगला अभ्यास झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कर्करोगाचे २२ रुग्ण, ११ रेडिएशनतज्ज्ञ. प्रत्येकानं प्रत्येक गाठीभोवती सीटीवर रेघ काढली. रेघांमधल्या फरकाचं प्रमाण विचलन निघालं एक सेंटिमीटर. मघाचं गणित आठवा, एक सेंटिमीटर म्हणजे काय ते! वर्षभरानं त्याच तज्ज्ञांना त्याच रुग्णांचे सीटी दिले, पण सोबत पेट स्कॅन जोडून. पेट स्कॅनवर साखर जास्त खाणाऱ्या पेशी उजळ दिसतात. आता विचलन उतरलं ०.४ सेंटिमीटरवर. फरक निम्म्याहून कमी झाला. पण शून्य झाला नाही.

का होत नाही? काही कारणं साधी आहेत. पडद्यावरचा उजेड-काळोख बदलला की गाठ लहान-मोठी दिसते. दातात धातूचं फिलिंग असेल तर चित्रावर चट्टेरी रेषा उमटतात, आणि जिभेच्या मुळाचा भाग नेमका त्यात झाकला जातो. पण एक कारण खोल आहे, ते माझ्या विषयातलं.

ग्रीक तत्त्वज्ञ युब्युलिडीसनं एक कोडं घातलं होतं. धान्याची रास आहे. एक दाणा काढला, रास राहिली. आणखी एक काढला, तरी राहिली. मग कुठल्या दाण्याला रास संपली? आपण हे कोडं खळ्यावर नेऊ. मळणी झाली, मधे रास आहे. कडेला दाणे विरळ होत गेलेत, एखादा पार कुंपणापाशी उडालाय. प्रत्येक दाणा हा दाणा आहे की खडा, याला उत्तर आहे. पण 'राशीची कड कुठे' याला तसं उत्तर नाही. तुम्ही केरसुणी घेऊन कुठवर झाडणार, हा प्रश्न आहे. जवळच थांबलात तर दाणे वाया. फार लांबून झाडलंत तर माती-खडे राशीत. गाठीचंही बरंचसं तसंच. एकेका पेशीबद्दल बहुधा निश्चित उत्तर असतं, पण विखुरलेल्या पेशींभोवतीची 'ती' एकमेव खरी रेघ निसर्गानं काढून ठेवलेलीच नसते.

सीमा दोन प्रकारच्या असतात. गावच्या दोन शिवारांमधून ओढा वाहतो, ती एक सीमा. माणूस नसता तरी ती असती. दोन भावांच्या शेतांमधला बांध ही दुसरी; तो माणसांनी ठरवला. बॅरी स्मिथ या तत्त्वज्ञानं हा भेद नीट मांडला आहे. पहिल्या रेघेत ओढ्याचा अंश बराच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या रेघा म्हणजे बांध.

पण सावध! 'ठरवलेली' म्हणजे 'मनमानी' नव्हे. बांध कुठेही घालता येत नाही. मोजणी असते, नकाशा असतो, शेजारी उभे असतात, आणि कुणी बांध कोरला तर बोंब होते. रेघेलाही तसंच आहे. कुठल्या कर्करोगात किती वाढवायचं याची तज्ज्ञांनी मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आंधळेपणानं पाच मिलिमीटर वाढवत नाहीत. वाटेत हवा आली, न बाधलेलं हाड आलं, तर तिथं रेघ आत घेतात, कारण पेशी हवेत पसरत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरा माणूस ती रेघ बघतो. त्या बाई 'मॅडमनी बदलली' म्हणाल्या, त्यात मला आधी कमीपणा दिसला होता. नंतर कळलं, तीच त्या ठिकाणची सगळ्यात भरवशाची गोष्ट होती. जिथं सत्य पडद्यावर लिहिलेलं नसतं, तिथं कारणं मोठ्यानं सांगावी लागतात आणि दुसऱ्याची ऐकावी लागतात.

यंत्रानं काढलेली रेघ

आता तुमच्या मनात आलं असेल, की हे काम एआयकडे द्या. दिलं जातंच आहे. २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या संशोधकांनी 'यू-नेट' नावाची रचना मांडली. तेव्हापासून निरोगी अवयवांच्या रेघा यंत्रं मिनिटांत काढायला लागली, आणि चांगल्या काढतात. डॉक्टरांचे तास वाचतात, ही मोठी गोष्ट आहे.

पण यंत्राची रेघ चांगली, हे मोजतात कसं? बहुतेक वेळा एक गुणांक वापरतात. तो मूळचा वैद्यकातला नाही. ली डाइस हा अमेरिकी जीवशास्त्रज्ञ, त्यानं १९४५ मध्ये दोन प्रजाती एकत्र किती आढळतात ते मोजायला तो मांडला. दोन आकारांचा सामाईक भाग घ्या, दुप्पट करा, दोघांच्या बेरजेनं भागा. तंतोतंत जुळले तर एक.

आता बघा. गाठ ११ घनसेंटिमीटर, यंत्रानं तिच्या आतच ९ ची रेघ काढली. अठरा भागिले वीस, ०.९. दुसरी गाठ ९ ची, यंत्रानं ती पूर्ण आत घेऊन ११ ची काढली. पुन्हा ०.९. गुण सारखेच! पण पहिल्या रुग्णाच्या शरीरात दोन घनसेंटिमीटर कर्करोग बाहेर राहिला, दुसऱ्याचा थोडा निरोगी भाग भाजला. या आकड्याला अव्याप्ती आणि अतिव्याप्तीतला फरकच कळत नाही. नैयायिकाला तो कळतो, डॉक्टरला तर कळायलाच हवा. शिवाय यंत्र शिकतं कुणाच्या रेघांवर? माणसांच्याच. ज्यांच्यात एकमत नव्हतं, त्यांच्याच.

माझा यंत्राला विरोध नाही. त्यानं पहिला कच्चा खर्डा जरूर काढावा. पण 'इथंच का?' असं विचारल्यावर उत्तर देणारा आणि खाली सही करणारा माणूस लागतो. तो थकलेला असताना यंत्राची रेघ न बघता 'ठीक आहे' म्हणू लागला, तर धोका आहे. तो धोका यंत्राचा नाही, आपला आहे.

भावाचं सांगून संपवतो. तो आज बरा आहे, तपासण्या स्वच्छ आहेत. पण डाव्या मानेतली गाठ लाळग्रंथीला इतकी लागून होती, की ती ग्रंथी पूर्ण वाचवता आली नाही. उजवी वाचली. त्याला आता कोरडी भाकरी गिळत नाही, ताकात कुस्करून लागते. पाण्याची बाटली कायम हाताशी. मी त्या बाईंना विचारलं होतं, "रेघ दोन मिलिमीटर आत घेतली असती तर?" त्या म्हणाल्या, "लाळ कदाचित जास्त राहिली असती, काका. गाठीचं मी सांगू शकले नसते." भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "ताक परवडतं."

प्रश्नोत्तरे

*स्कॅन अजून सुधारले, की ही अडचण संपेल ना?*

पहिल्या रेघेची पुष्कळ कमी होईल. दुसरीची पूर्ण नाही, कारण मूठभर पेशी स्कॅनच्या नजरेखालून सुटतात. आणि तिसरी तर जिवंत माणसाबरोबरच येते. उपचार चालू असताना भावाचं वजन नऊ किलो उतरलं. तो साचा सैल पडला. चौथ्या आठवड्यात पुन्हा सीटी करून रेघा नव्यानं काढाव्या लागल्या.

*रुग्णाच्या घरच्यांनी डॉक्टरांना काय विचारावं?*

'शंभर टक्के अचूक आहे ना?' हे विचारू नका. त्याचं खरं उत्तर कुणी देऊ शकत नाही. दोन गोष्टी विचारा. ही आखणी दुसऱ्या कुणी तपासली का? आणि गाठीच्या अगदी जवळ कुठला अवयव आहे, त्याचं काय ठरवलंत? आणि सीटीनंतरचे ते थांबायचे दिवस आले, की माझ्यासारखे चिडू नका. अर्थात दिवस फारच लांबले तर जरूर विचारा. पण त्या दिवसांत कुणीतरी पडद्यासमोर बसून तुमच्या माणसासाठी मिलिमीटर-मिलिमीटरचा विचार करत असतं.